आकड्यावर ठेवलेले दिवस

सुनंदानं एकोणिसावा फोल्डर माउसनं पकडला, ओढत ओढत स्क्रीनच्या मधोमध आणला आणि तिसऱ्या ओळीत पाचव्या जागी सोडला. त्याच्याखाली नाव टाइप केलं: २७ फेब्रुवारी. मग खुर्ची मागे सरकवून तिनं मान तिरकी केली. तपासायला आलेल्या पत्र्याकडेही ती अशीच बघायची. फोल्डरांच्या मागे हिरवंगार चित्र होतं आणि चित्रावर भला मोठा आकडा, ४०८. त्यातल्या चाराचा एक पाय तेवढा आता बाहेर डोकावत होता. आकड्याखाली इंग्रजीत लिहिलं होतं, ‘अपघाताविना दिवस’. शेजारी हेल्मेट घातलेला कुठल्यातरी देशातला गोरा माणूस अंगठा वर करून हसत उभा होता. त्याच्या हाताची पाचही बोटं शाबूत होती.

“अक्का, किती दिवस चालणार हे?”

दारात रघुनंदन उभा होता, हातात कॉफीचा पेला. तो या कारखान्याचा व्यवस्थापक. वीस वर्षांपूर्वी शिकाऊ म्हणून आला तेव्हा त्याला व्हर्नियरवर माप वाचायला सुनंदानंच शिकवलं होतं. त्यामुळे चारचौघांत ती त्याला सर म्हणायची आणि कुणी नसलं की रघू.

“तुझा आकडा चालेल तितके दिवस.”

“रोज एक रिकामा फोल्डर. लोक हसतात.”

“हसत नाहीत, मोजतात. काल पेंटिंगमधले दोघं येऊन मोजून गेले.”

“तुमच्या रिटायरमेंटला दहा महिने राहिलेत. कशाला हे?”

“दहा महिने म्हणजे तीनशे फोल्डर,” सुनंदा म्हणाली. “मावतील.”

रघुनंदननं कॉफीचा घोट घेतला, ती गार झाली होती म्हणून तोंड वाकडं केलं आणि निघून गेला.

पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या या कारखान्यात ट्रकच्या ब्रेकला लागणारे पत्र्याचे ब्रॅकेट बनत. जानेवारीत एका मोठ्या कंपनीनं तो विकत घेतला. हेड ऑफिस गेलं इलेक्ट्रॉनिक सिटीत, म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. पगारवाढ येईल, नवी मशिनं येतील, असं सगळे म्हणत होते. पण सगळ्यात आधी आलं ते हे हिरवं चित्र. एका सोमवारी सगळ्यांचे कॉम्प्युटर सुरू झाले आणि अकाउंट्समधल्या कल्पनाच्या स्क्रीनवरचे नातू गेले, पॅकिंगमधला तिरुपतीचा बालाजी गेला, डिस्पॅचमधला जोगचा धबधबा गेला. सगळीकडे एकच हिरवा माणूस अंगठा दाखवू लागला. सुनंदाचं काहीच गेलं नाही. तिच्या स्क्रीनवर कॉम्प्युटर आला तेव्हाचा साधा निळा रंगच होता. ती म्हणायची, हत्याराला कुणी फोटो लावतं का?

नऊ फेब्रुवारीला, अकराच्या सुमारास, चार नंबरच्या प्रेसवर मंजुनाथच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली.

त्या प्रेसला दोन बाजूंना दोन बटणं होती. दोन्ही हातांनी दोन्ही बटणं एकदम दाबली तरच प्रेस खाली यायचा. म्हणजे प्रेस खाली येताना एकही हात आत राहू नये, अशी ती सोय. पण दोन्ही हात बटणांवर ठेवायचे, मग पुन्हा पत्रा लावायचा, यात वेळ जातो. म्हणून सहा महिन्यांपासून उजव्या बटणावर काळी टेप गुंडाळलेली होती. बटण कायमचं दाबलेलं. डाव्या हातानं बटण मारायचं, उजव्यानं पत्रा सरकवायचा. माल दीडपट निघायचा. सुनंदा दर दोन तासांनी तिथून एक नग उचलून मापायला न्यायची आणि दर खेपेला ती टेप बघायची. तिच्या तक्त्यात नऊ रकाने होते. लांबी, जाडी, भोकाचा व्यास, कडेचं खरखरीतपण. बटणाचा रकाना नव्हता. आपला रकाना नाही म्हणून ती बोलली नव्हती, आणि आता हे आठवलं की हातातलं काम तिथल्या तिथे थांबायचं. स्वतःचा इतका राग तिला आयुष्यात कधी आला नव्हता.

मंजुनाथला रघुनंदननं स्वतःच्या गाडीतून यशवंतपूरच्या हॉस्पिटलात नेलं, हे खरं. दोन दिवस तो तिथे बसून होता, हेही खरं. तिसऱ्या दिवशी एक कागद झाला, की मंजुनाथचा हात घरच्या पाण्याच्या मोटारीच्या पट्ट्यात सापडला. मंजुनाथनं त्यावर डाव्या हातानं सही केली. हिरव्या चित्रावरचा आकडा एक दिवसही थांबला नव्हता. दुसऱ्या दिवशी तो शून्यावर येईल, असं सुनंदाला वाटलं होतं. दहा दिवस तिनं वाट पाहिली. मग तिनं हेड ऑफिसच्या कॉम्प्युटर विभागाला फोन लावला.

फोनवर शंतनु नावाचा पुण्याकडचा इंजिनिअर होता. पलीकडे मराठी बोलणारं माणूस निघालं म्हणून तो खूश झाला.

“मॅम, वॉलपेपर ॲक्च्युअली सेंट्रली लॉक आहे. तुम्हाला चेंज नाही करता येणार.”

“चित्र नाही बदलायचं. आकडा चुकलाय.”

“आकडा आम्हाला तुमच्या प्लांटकडूनच येतो, मॅम. आम्ही फक्त रोज सकाळी सगळ्यांना पाठवतो.”

“मग तो झाकता येतो का?”

“झाकता?” तो हसला. “मॅम, वॉलपेपर सगळ्यात खाली असतो. त्याच्यावर आयकॉन्स, फोल्डर्स वगैरे. त्याच्यावर विंडोज. खालचं आमचं. वर काय ठेवायचं ते तुमचं. त्याला काही पॉलिसी नाहीये.”

“सरी,” सुनंदा सवयीनं कानडीत ‘बरं’ म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. त्याच दुपारी तिनं एकदम अकरा फोल्डर केले. पहिल्यावर लिहिलं: ९ फेब्रुवारी.

एकदा सकाळी येऊन बघते तर फोल्डर सगळे डाव्या कडेला, भिंतीशी उभ्या केलेल्या पोरांसारखे एका रांगेत. आयकॉन आपोआप मांडायची सोय कुणीतरी चालू करून ठेवली होती. कुणी, ते तिनं विचारलं नाही. उजवं बटण दाबून ती सोय बंद केली आणि एकेक फोल्डर पुन्हा मधोमध आणून ठेवला. पंधरा मिनिटं लागली. तेवढा वेळ संग्रामचा नग मापायचा राहिला होता. चार नंबरवर आता संग्राम होता, बीदरकडून आलेला, चार महिन्यांपूर्वी लग्न झालेला. प्रेसच्या उजव्या बटणावर टेप तशीच होती.

“ती टेप तरी काढ,” सुनंदानं रघुनंदनला सांगितलं होतं.

“काढायची तर का काढली ते लिहावं लागतं, अक्का. काय लिहू? अपघात तर झालेलाच नाही.”

हे तो निर्लज्जपणे बोलला असता तर बरं झालं असतं. तो खाली बघून बोलला, म्हणून तिला जास्त संताप आला.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात मंजुनाथ कामावर आला. त्याला स्टोअर्समध्ये कॉम्प्युटरवर बसवलं. मालाचा प्रत्येक गठ्ठा तपासणीच्या तक्त्यासकट तिथे यायचा, तक्त्यावरचे आकडे कॉम्प्युटरमध्ये भरायचे. मंजुनाथनं जन्मात माउस धरला नव्हता, आणि आता धरायचा तर डाव्या हातानं. जेवणाच्या सुट्टीत सुनंदा त्याला शिकवायला जाऊ लागली. तिनं माउसची बटणं अदलाबदल करून दिली, म्हणजे पहिलं बोट पहिल्या बटणावर यावं. सरावासाठी रिकामे फोल्डर करून दिले.

“हा धर. सोडू नको. तिकडे ने. आता सोड.”

“निसटतोय, अक्का.”

“निसटू दे. पत्रा आहे का तो? पुन्हा धर.”

मंजुनाथ हसला. आठ दिवसांत तो फोल्डर हवा तिथे नेऊन ठेवायला शिकला. उजवा हात मात्र तो कायम टेबलाखाली मांडीवर ठेवायचा. कुणी आलं की आणखी आत घ्यायचा. त्याच्या स्क्रीनवरही तेच हिरवं चित्र होतं, तोच आकडा. त्याच्यासमोर बसून तो आठ तास काम करायचा. सुनंदा त्याबद्दल कधी बोलली नाही. तोही बोलला नाही.

सोळा मार्चला रघुनंदननं तिला केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं.

“सव्वीसला ऑडिट आहे. गिऱ्हाइकाकडून माणूस येणार. सगळे कॉम्प्युटर बघतील, सगळे तक्ते बघतील. तुमचे ते फोल्डर काढा.”

“नाहीतर?”

“नाहीतर ऑर्डर जाईल. एकशे साठ माणसं आहेत इथे. झाकली मूठ सव्वा लाखाची, अक्का. तुम्हीच म्हणायचात.”

“मूठ झाकायला बोटं लागतात, रघू.”

टेबलावरचा कॅलेंडरचा ठोकळा रघुनंदननं उगाच इकडचा तिकडे केला. मग तो म्हणाला, “बाहेर आलं तर पहिला मंजुनाथ जाईल. खोट्या कागदावर सही त्याची आहे. तुम्ही त्यालाच विचारा, त्याला काय हवंय.”

विचारायला जावं लागलं नाही. सुट्टी व्हायच्या आधी मंजुनाथच तपासणीच्या खोलीत आला. बसला नाही.

“अक्का, ते काढा.”

“रघूनं पाठवलं?”

“कोण नाही पाठवलं. माझी पोरगी यंदा दहावीनंतर पीयूसीला जाणार. बसून काम मिळालंय मला. पुन्हा कोण देतंय?” तो स्क्रीनकडे बघत नव्हता. “तो आकडा माझ्यासमोर पण असतोय रोज. मी बघतोय. सवय झाली.”

“मला नाही झाली.”

“बोटं माझी होती, अक्का.”

छत्तीस फोल्डर सुनंदानं त्याच्यासमोरच माउसनं एका चौकोनात घेतले आणि डिलीट केले. हिरवा ४२५ लख्ख उघडा पडला. अंगठेवाला माणूस हसत होताच.

“माझं नाव कुठं घेऊ नका,” मंजुनाथ म्हणाला.

“नाही घेणार.”

तो गेल्यावर ती बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसली. तीस वर्षं तिनं चुकीच्या मापावर सही केली नव्हती. चुकलेल्या नगावर लाल रंगाचा फराटा मारून तो बाजूला फेकायचा, मालक समोर उभा असला तरी. आता सोळा इंच रुंद चुकीचं माप रोज डोळ्यांसमोर ठेवून तिनं बरोबर मापं लिहायची होती. हे तिला होणार नव्हतं. नाव घ्यायचं नाही, असं ती बोलली होती. गप्प बसेन, असं ती बोलली नव्हती.

तिनं तपासणीचा कोरा तक्ता कॉम्प्युटरवर उघडला. नऊ रकान्यांच्या शेजारी दहावा आखला. त्यावर लिहिलं: ‘उजव्या बटणावर टेप’. शंभर प्रती छापून घेतल्या.

सतरा तारखेपासून दर दोन तासांनी ती चार नंबरवर गेली, नग उचलला, बटण बघितलं आणि लिहिलं. नऊ वाजता, आहे. अकरा वाजता, आहे. एक वाजता, आहे. खाली सही. संग्राम आधी बुजला, मग तिसऱ्या दिवशी ती दिसली की स्वतःच सांगू लागला, “आहे, अक्का.”

तक्ते गठ्ठ्यांबरोबर स्टोअर्समध्ये गेले. दुसऱ्याच दिवशी मंजुनाथचा फोन आला.

“अक्का, हा दहावा रकाना कुठं भरू? कॉम्प्युटरमध्ये जागा नाही त्याला.”

“शेऱ्याच्या जागी भर.”

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला.

“काय लिहिलंय तेच भरू?”

“जे लिहिलंय ते भरायचं, एवढंच तुझं काम.”

“सरी,” मंजुनाथ म्हणाला.

रघुनंदनला कळायला चार दिवस लागले. तो तक्ता हातात घेऊन आला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते.

“हा रकाना कुणाला विचारून वाढवलात?”

“तपासणीचा तक्ता तपासणी विभाग ठरवतो. तूच ते परिपत्रक काढलं होतंस. फाइलीत आहे, दाखवू?”

“अक्का, हे फार होतंय.”

“टेप काढ. मी ‘नाही’ लिहीन. मला काय, दोन अक्षरांऐवजी दोनच अक्षरं.”

त्यानं तक्ता टेबलावर ठेवला. फाडला नाही, एवढं तिनं लक्षात ठेवलं.

ऑडिटच्या आदल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मंजुनाथनं तिला विचारलं, “अक्का, मोबाइलमधला फोटो कॉम्प्युटरमध्ये कसा घालायचा?”

पोरीचा असेल, असं सुनंदाला वाटलं. तिला वाईट वाटलं.

“वॉलपेपर नाही बदलता येणार रे. हेड ऑफिसनं बंद केलंय.”

“वॉलपेपर नको. नुसता ठेवायचाय.”

तिनं त्याला वायर जोडून दाखवली. कुठून उचलायचा, कुठे टाकायचा, तेही दाखवलं. त्यानं डाव्या हातानं दोनदा करून बघितलं आणि म्हणाला, “पुढचं मी करतो. तुम्ही जेवा.” ती मोबाइल बघायला थांबली नाही. दुसऱ्याच्या फोटोत डोकावायची तिला सवय नव्हती.

गुरुवारी, सव्वीस तारखेला, दहा वाजता गिऱ्हाइकाकडून सुप्रीता नावाची बाई आली. पस्तिशीची असेल. पायात सेफ्टी शूज तिचे स्वतःचे होते, त्यांच्या टाचा झिजलेल्या होत्या. ते बघून सुनंदाला ती थोडी बरी वाटली. बोलणं सगळं कानडीत चाललं. तपासणीच्या खोलीत येऊन तिनं आधी स्क्रीनकडे बघितलं.

“चारशे पस्तीस. छान.”

रघुनंदन हसला. सुनंदानं तक्त्यांचा गठ्ठा पुढे केला. सुप्रीता एकेक पान उलटू लागली. एका पानावर तिचं बोट थांबलं, मग मागे गेलं, पुन्हा पुढे आलं.

“काल संध्याकाळी पाचला ‘आहे’. आज सकाळी नऊला ‘नाही’.”

“हो.”

“आणि हा रकाना सतरा मार्चपासून आहे. त्याच्या आधी नाही. का?”

“आधीच हवा होता,” सुनंदा म्हणाली. “माझी चूक.”

“सतराच्या आधी काही झालं होतं का?”

रघुनंदन खिडकीतून बाहेर बघत होता. नाही, एवढा एक शब्द पुरला असता. सुनंदाच्या तोंडून तो निघेना. आणि ‘हो’ म्हणावं, तर मंजुनाथला शब्द दिलेला होता.

“ते मी सांगायचं नाही,” ती म्हणाली.

सुप्रीतानं तिच्याकडे बघितलं, मग रघुनंदनकडे. पेननं त्या रकान्यावर छोटी खूण केली. “याच लॉटची कॉम्प्युटरमधली नोंद बघू या.”

स्टोअर्सपर्यंत पन्नास पावलं असतील. रघुनंदन पुढे होता, भराभर चालत. सुनंदा मागे राहिली. आपण मंजुनाथला अडकवलं, एवढंच तिच्या मनात होतं. तोंड बंद ठेवायचं कबूल केलं आणि हातानं लिहून सगळं त्याच्या दारात नेऊन ठेवलं. पोरगी पीयूसीला जाणार होती.

मंजुनाथ उठून उभा राहिला. उजवा हात टेबलाखालून तसाच खिशात गेला. सुप्रीतानं लॉटचा नंबर सांगितला. त्यानं डाव्या हातानं एकेक आकडा दाबत नोंद काढली. शेऱ्याच्या जागी ओळीनं लिहिलेलं होतं: टेप आहे, टेप आहे, टेप आहे.

“हे तुम्ही भरलंत?”

“हो मॅडम. जरा वेळ लागतो मला.”

“ठीक आहे. बंद करा.”

रघुनंदननं श्वास सोडला. मंजुनाथनं स्क्रीनवरची खिडकी बंद केली.

हिरवं चित्र होतं, पण आकडा दिसत नव्हता. चार, तीन, पाच, सगळ्यांवर पिवळे फोल्डर होते. सात सातच्या ओळी, वाकड्यातिकड्या, एक दुसऱ्याला टेकलेला, एक जरा निसटून अंगठेवाल्या माणसाच्या तोंडावर गेलेला. सुनंदानं न मोजता ओळखलं, सेहेचाळीस असणार. शेवटच्यावर आजची तारीख होती.

“मंजुनाथ,” रघुनंदन म्हणाला.

सुप्रीता वाकून वाचत होती. “हे काय आहे? तारखा?”

“दिवस आहेत, मॅडम.”

“आत काय आहे?”

“काही नाही. सगळे रिकामे आहेत.” त्यानं एकदा सुनंदाकडे बघितलं. “पहिला सोडून. त्यात हॉस्पिटलच्या चिठ्ठीचा फोटो आहे. पहिल्या दिवशीची. प्रेसवर झालं, असं लिहिलंय.”

मग त्यानं उजवा हात खिशातून बाहेर काढला, सगळ्यांसमोर टेबलावर ठेवला, आणि उरलेल्या बोटांनी माउस तिच्याकडे सरकवला.